खडकवासल्याची मेहनत

खडकवासल्याच्या तलावाच्या उत्तर काठावर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एक जहाज उभं होतं. ते कधी पाण्यात उतरलं नाही आणि उतरणारही नव्हतं. ‘एचएमएस अँगोस्टुरा’ हे त्याचं नाव. ती जहाजाची नक्कल होती. समुद्रातून येऊन शत्रूच्या किनाऱ्यावर कसं उतरायचं, याचा सराव सैनिकांना देण्यासाठी ती उभारलेली होती. समुद्र सह्याद्रीच्या पलीकडे, आणि त्याची तालीम मावळात! युद्ध संपलं, जहाज पडून राहिलं. पुढे तिन्ही दलांच्या मुलांना एकत्र शिकवणारी प्रबोधिनी कुठे काढावी याचा विचार सुरू झाला, तेव्हा खडकवासल्याच्या बाजूनं अनेक गोष्टी होत्या. मोठा तलाव, भोवतीचे डोंगर, लोहगावचा विमानतळ, फार दूर नसलेला अरबी समुद्र आणि पुण्याची हवा. त्यांच्या जोडीला हे जुनं प्रशिक्षण केंद्र आणि टाकून दिलेलं जहाजही जमेला धरलं गेलं.

६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते कोनशिला बसली, ७ डिसेंबर १९५४ पासून इथे प्रशिक्षण सुरू झालं आणि १६ जानेवारी १९५५ रोजी रीतसर उद्घाटन झालं. सिंहगड रस्त्यावरच्या चौपाटीवर कणीस खाताना पाण्यापलीकडे जो परिसर दिसतो तो हाच, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, पुणेकरांचं ‘एनडीए’. तिच्या इमारती, सुदानने दिलेली देणगी, तिथून निघालेले सेनापती यांवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला कुतूहल होतं ते तिथल्या मेहनतीचं. ‘मेहनत’ हा शब्द मी तालमीतल्या अर्थानं वापरतो आहे. जोर-बैठका काढण्याला आपल्याकडे मेहनत करणं म्हणतात. फौजेत साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षांच्या मुलाला घेऊन तीन वर्षं, म्हणजे सहा सत्रं, जी मेहनत करून घेतात ती नेमकी कशासाठी, आणि तिची किंमत कोण मोजतो?

लष्करी मेहनतीत तीन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात, व्यायाम, खेळ आणि साहस. बाहेरून पाहणाऱ्याला तो सगळा एकच घाम दिसतो, पण तिघांची घराणी निराळी आहेत आणि उद्देशही.

आधी व्यायाम. ‘पीटी’ हा शब्द आपल्या शाळांत इतका रुळला आहे की त्याला इतिहास असेल असं वाटतच नाही. पेर हेन्रिक लिंग या स्वीडिश शिक्षकानं १८१३ मध्ये स्टॉकहोमला व्यायामाची संस्था काढली. शरीराचा एकेक भाग वेगळा घेऊन, हुकमाच्या तालावर, साधनांवाचून हालवायचा ही त्याची रीत. क्रिमियन युद्धात ब्रिटिश सैन्याच्या प्रकृतीचे धिंडवडे निघाले, तेव्हा १८६० मध्ये त्या सैन्यानं एक अधिकारी आणि बारा हवालदार ऑक्सफर्डच्या आर्चिबाल्ड मॅक्लॅरेन या व्यायामशिक्षकाकडे शिकायला पाठवले. त्यातून ऑल्डरशॉटला लष्करी व्यायामशिक्षकांची फळी तयार झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिंगची स्वीडिश पद्धतही त्या सैन्यानं उचलली आणि तिथून ती हिंदी पलटणींत व शाळांत पोचली. अडथळ्यांची शर्यत आणखी तिसरीकडची. तिच्यामागे जॉर्ज एबेर या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याची ‘नैसर्गिक पद्धत’ आहे. १९०२ मध्ये मार्टिनिक बेटावर ज्वालामुखीचा उद्रेक झाला, तेव्हा तो तिथे बचावकार्यात होता. चालणं, धावणं, चढणं, उडी, तोल, ओझं उचलणं, फेकणं, पोहणं एवढं ज्याला येतं तो जगतो आणि दुसऱ्याला जगवतो, असा त्याच्या शिकवणीचा गाभा.

आपल्याकडची परंपरा यापेक्षा जुनी. मल्लस्तंभाचा उल्लेख बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त आहे, आणि दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवं रूप दिलं, हे आपण शाळेपासून ऐकतो. बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी संपादित केलेल्या व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड चाळले म्हणजे मराठी माणसानं या विषयावर केवढा विचार केला होता ते समजतं. त्यामुळे ‘परकीय पीटी विरुद्ध देशी तालीम’ हा वाद आपल्या लेखनात अधूनमधून डोकं वर काढतो. मला तो वाद फारसा फलदायी वाटत नाही. तालमीत वस्तादासमोर एकेका पठ्ठ्याचं अंग घडतं. कंपनीच्या मैदानावर शंभर जणांचं एकाच वेळी घडवायचं असतं, त्यांतला निम्मा भाग कालपर्यंत धावलेलाही नसतो, आणि वस्ताद दर दोन वर्षांनी बदलतो. एकाच हुकमावर सगळ्यांचे हात वर जाणं ही त्या परिस्थितीची गरज आहे. बाकी दोरी दोन्हीकडे आहेच. एनडीएच्या परीक्षेसाठी केंद्रीय लोकसेवा आयोग जी जाहिरात काढतो, तिच्या परिशिष्टात उमेदवारांना तयारीचा सल्ला दिलेला असतो : २.४ किलोमीटर १५ मिनिटांत धावा, दोरीवरच्या उड्या मारा, पुशअप आणि सिटअप किमान २० काढा, चिनअप किमान ८, आणि दोरीवर ३ ते ४ मीटर चढा. दोरीचा मल्लखांब केलेल्या मुलीला शेवटच्या अटीचं हसू येईल.

या आकड्यांकडे पाहिलं की एक गोष्ट ध्यानात येते. ते मोठे नाहीत. गावाकडच्या भरतीच्या पोरांना विचारा. पहाटे डांबरी सडकेवर ‘सोळाशे’ मारणाऱ्या पोराला १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांच्या आत हवे असतात, कारण अग्निवीर भरतीत त्यालाच पूर्ण ६० गुण मिळत आले. बीमवर दहा पुलअप काढले तर ४०. पलटणीत गेल्यावर मोजमापाची जात बदलते. तिथे वर्षानुवर्षं चालत आलेली एक चाचणी आहे. अंगावर पूर्ण युद्धसामान, हातात रायफल, आणि ५ किलोमीटर. तिशीच्या आतल्या जवानानं ते २५ मिनिटांत काढले तर शेरा उत्तम. त्याच्या जोडीला ६० मीटरची धाव, उभी दोरी, आडवी दोरी आणि ९ फुटांचा खड्डा. पिट्ठू पाठीवर असताना २५ मिनिटं हा खेळाडूचा विक्रम नाही. चाचणीला विक्रम नकोच आहे. पलटणीतल्या स्वयंपाक्यापासून कारकुनापर्यंत सगळे एका वेळेच्या आत पोचतात का, एवढंच तिला पाहायचं असतं.

खडकवासल्याला हे आणखी स्पष्ट दिसतं. तिथले कॅडेट १८ स्क्वॉड्रनांत विभागलेले असतात आणि जवळजवळ प्रत्येक गोष्टीत स्क्वॉड्रनांची चुरस असते. त्यांत क्रॉसकंट्रीचा मान मोठा. या शर्यतीत निवडक धावपटू उतरत नाहीत, अख्खं स्क्वॉड्रन उतरतं. पहिला कोण आला याइतकंच, आपले किती जण वेळेत आले याला मोल. त्यामुळे चांगला धावणारा मुलगा सरावात मागे राहतो, धापा टाकणाऱ्याच्या पाठीला हात लावून त्याला पुढे रेटतो. पहिल्याच सत्रात नवख्यांची मुष्टियुद्धाची स्पर्धा असते. ज्यानं आयुष्यात कधी ठोसा खाल्लेला नाही अशा मुलाला रिंगमध्ये उभं करतात. जिंकणं-हरणं नंतरचं, नाकावर बसल्यावर तो काय करतो ते आधी पाहतात. पोहणं, घोडेस्वारी, तलावाच्या ‘पीकॉक बे’ नावाच्या खाडीत शिडाची होडी हाकणं, हे सगळं याच हिशेबातलं. घोड्याला तुमचा हुद्दा कळत नाही आणि वाऱ्याला वेळापत्रक.

मग गड. एनडीएच्या मुलांच्या आठवणींत सिंहगड हमखास येतो, आणि बहुधा शिक्षा म्हणून! सुटीच्या दिवशी गडावर जाऊन ठरल्या वेळेत परत यायचं, ही ‘सिंहगड हाइक’ तिथे पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे. आपण ज्या गडावर पिठलं-भाकरी आणि दही खायला जातो, तो या मुलांना गुन्ह्याबद्दल मिळतो. मात्र सगळेच गड शिक्षेचे नाहीत. अभ्यासक्रमातच वर्षागणिक एक मैदानी शिबिर आहे, पहिल्या वर्षी ‘ग्रीनहॉर्न’, मग ‘रोव्हर्स’, आणि शेवटच्या वर्षी ‘तोरणा’. दोन इंग्रजी नावांनंतर हे मराठी नाव यावं आणि ते सर्वांत कठीण शिबिराला मिळावं, याचं मला बरं वाटतं. तोरणा म्हणजे प्रचंडगड, १४०० मीटर उंचीचा, शिवाजी महाराजांनी सुरुवातीलाच घेतलेला. शिबिरात पाठीवर ओझं घेऊन रात्रीची चाल, नकाशा आणि होकायंत्रावर वाट काढणं, चर खणणं आणि झोप न मिळणं, हे सगळं येतं. शेवटी ओझ्यानिशी लांब पल्ल्याची ‘जोश रन’. पंजाब-हरयाणाचा मुलगा मावळची ठिसूळ घसाऱ्याची वाट इथे पहिल्यांदा तुडवतो. सपाट मैदानावरचा धावपटू त्या वाटेवर बिचारा होतो आणि एखादा बारीक चणीचा, वर्गात मागे बसणारा पोरगा अचानक पुढारी ठरतो. दमलेल्या माणसाचा स्वभाव उघडा पडतो, आणि लष्कराला तो आधी पाहून ठेवायचा असतो.

साहस हे तिसरं घराणं. गिर्यारोहण, शिडाच्या होड्या, पॅराशूट, नद्यांवरचं राफ्टिंग यांना लष्करात मोहिमेचा दर्जा आहे. सुट्टी मिळते, पैसा मिळतो, परत आल्यावर सत्कारही होतो. यात धोका मुद्दाम ठेवलेला असतो. शांततेच्या काळात अधिकाऱ्याला खरा निर्णय, ज्यात चुकलं तर माणूस जाईल असा, घ्यायला मिळत नाही. डोंगर तो देतो. नरेंद्र ‘बुल’ कुमारांचं उदाहरण या बाबतीत बोलकं आहे. १९६१ मध्ये नीलकंठ शिखरावर हिमदंशानं त्यांच्या पायाची चार बोटं गेली. तशाच पायांनी ते पुढची वीस वर्षं चढत राहिले. १९७८ मध्ये त्यांनी सियाचीन हिमनदीवर मोहीम नेली. तिथून आणलेली माहिती पुढे उपयोगी पडली आणि एप्रिल १९८४ मध्ये ‘ऑपरेशन मेघदूत’नं भारतीय सैन्य तिथे जाऊन बसलं. छंद कुठे संपतो आणि सीमा कुठे सुरू होते, हे या एका प्रकरणात सांगणं कठीण. सैन्याच्या अभियंता दलाच्या ‘तृष्णा’ या शिडाच्या होडीनं १९८५ ते १९८७ मध्ये जगाला प्रदक्षिणा घातली आणि १० जानेवारी १९८७ रोजी ती मुंबईला लागली. तिचा निकाल इतका थेट कुठल्या नकाशावर उमटला नाही, म्हणून ती मोहीम कमी मोलाची ठरत नाही.

त्याच सियाचीनवर पुढे बीड जिल्ह्यातला एक पोरगा पहाऱ्याला गेला. आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे बारावीनंतर ५ महार रेजिमेंटमध्ये भरती झाला. सियाचीनची थंडी, राजस्थानचं वाळवंट, हे सगळं सामान्य जवानासारखं करून २०१५ च्या सुमारास तो सैन्याच्या क्रॉसकंट्री शर्यतींत उतरला, आणि प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेसकडे वळवलं. ३००० मीटर, २८ अडथळे आणि सात वेळा पाण्यावरून उडी अशी ही शर्यत. गोपाल सैनी यांचा १९८१ चा ८:३०.८८ हा राष्ट्रीय विक्रम ३७ वर्षं टिकला होता. साबळेनं २०१८ मध्ये भुवनेश्वरला तो मोडला आणि मग स्वतःचाच विक्रम पुनःपुन्हा मोडत जुलै २०२४ मध्ये पॅरिसला ८:०९.९१ पर्यंत आणला. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत केनियाच्या धावपटूनं त्याला हरवलं ते ०.०५ सेकंदानं.

दुसरं उदाहरण पाण्याचं. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही हे दुष्काळी गाव. तिथला दत्तू भोकनळ विहिरी खोदायच्या कामावर जायचा. २०१२ मध्ये तो खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये भरती झाला. सुरुवातीला त्याला पाण्याचीच भीती होती. चार वर्षांत तो रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्यानं वल्हवण्याच्या शर्यतीत तेरावा आला, आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या संघात सुवर्णपदकाचा मानकरी झाला.

दोघांच्याही कथा वर्तमानपत्रांत जिद्दीच्या म्हणून येतात. जिद्द होतीच. पण मला त्यात शोधण्याची एक पद्धत दिसते. ज्या व्यवस्थेत स्वयंपाक्यालाही धावावं लागतं, तिथे साबळे लपून राहू शकत नाही. गावात राहिला असता तर तो कदाचित कुणाला दिसलाच नसता. पुण्यात मुंढव्याला २००१ मध्ये आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट निघाली आणि या शोधाला प्रयोगशाळा, आहारतज्ज्ञ, परदेशी प्रशिक्षक यांची जोड मिळाली. तिथल्या मैदानाला ऑगस्ट २०२१ मध्ये सुभेदार नीरज चोप्राचं नाव दिलं. इथे मात्र खेळ आणि पीटी यांची वाट फुटते. पीटीला शंभरातले शंभर हवेत, ऑलिंपिकला हजारातला एक. खेळाडूला राखावं लागतं, त्याला रात्रीची चाल आणि चर खणणं परवडत नाही. एकाच गणवेशात या दोन भिन्न गरजा नांदतात, आणि कमांडिंग ऑफिसरला आपला उत्तम माणूस संस्थेकडे सोडताना जड जातं, हे समजण्यासारखं आहे.

आता किमतीकडे. १८५५ मध्ये ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी वैद्यानं लांब कूच करून आलेल्या सैनिकांच्या सुजलेल्या पायांचं वर्णन लिहून ठेवलं. पुढे क्ष-किरण आले तेव्हा कळलं, की ती सूज म्हणजे पावलाच्या हाडांना गेलेले बारीक तडे. मार नाही, पडणं नाही, नुसतं चालण्यानं हाड मोडलं होतं. याचं कारण विलक्षण आहे. हाडावर नवा भार आला की शरीर ते मजबूत करायला घेतं, पण बांधण्याआधी जुना भाग पोखरून काढतं. पोखरण्याचं काम झपाट्यानं होतं, भरण्याचं सावकाश, त्याला महिने लागतात. म्हणून प्रशिक्षण सुरू झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मुलगा दमानं सुधारलेला आणि हाडानं कच्चा असतो. शहाणा प्रशिक्षक भार पायरीपायरीनं चढवतो. स्क्वॉड्रनच्या चुरशीत नडगीचं दुखणं लपवणारा कॅडेट मात्र त्याच्या हाती लागत नाही, आणि तिथल्या बोलीत ज्याला ‘रगडा’ म्हणतात ती वरिष्ठांनी करून घेतलेली जादा मेहनत कुठल्याच वेळापत्रकात नसते. ज्या चुरशीनं स्क्वॉड्रन एकजीव होतं तीच दुखणं लपवायला लावते.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये मुलींची पहिली तुकडी इथे आली आणि ३० मे २०२५ रोजी १७ जणी उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. इतर देशांच्या सैन्यांतले अभ्यास सांगतात, की एकाच ओझ्याखाली, एकाच लांबीच्या पावलानं चालवल्यास स्त्रियांमध्ये असे तडे अधिक पडतात. उपाय ठाऊक आहे : पावलाची लांबी ज्याची त्याला ठरवू द्यायची आणि भार हळू चढवायचा. त्यात मुलग्यांचंही भलंच आहे.

नडगीचा तडा भरतो. पाठीचा कणा भरत नाही. घोड्यावरून, दोरीवरून, रिंगमध्ये, तलावात होणारे अपघात थोडे असतात, पण असतात. आयोगाच्या ज्या जाहिरातीत दोरी चढण्याचा सल्ला आहे, तिच्यातच काही पानांच्या अंतरावर आणखी एक कलम आहे. दाखल होताना पालकानं लिहून द्यायचं, की प्रशिक्षणात किंवा प्रशिक्षणामुळे मुलाला इजा झाली, तर सरकारकडून नुकसानभरपाई मागण्याचा हक्क राहणार नाही हे आपल्याला पूर्ण समजलं आहे. पेढे वाटून झालेल्या घरात या कागदावर सही होते.

कायद्याची गंमत पुढे आहे, गंमत म्हणवत नाही खरं तर. भरती झालेला जवान पहिल्या दिवसापासून सैनिक असतो. प्रशिक्षणात तो जायबंदी होऊन घरी गेला तर अपंगत्वाचं निवृत्तिवेतन आणि माजी सैनिकाचा दर्जा त्याला मिळू शकतो. कॅडेट हा कमिशन मिळेपर्यंत अधिकारी नाही, आणि जवानही नाही. त्याच अडथळ्यावरून, त्याच उंचीवरून तो पडला तर तो माजी विद्यार्थी ठरतो. त्याला दरमहा सानुग्रह रक्कम मिळते, अपंगत्वाच्या प्रमाणात, जास्तीत जास्त ४०,००० रुपयांपर्यंत. ज्याला आयुष्यभर कुणीतरी कूस बदलून द्यावी लागते त्याच्या घरचा औषधपाण्याचा खर्च वाचकांनी मनाशी मांडून पाहावा.

१९६५ च्या युद्धात दोन माणसं अशीच कण्याला गोळ्या लागून खुर्चीवर आली. मेजर हरिपालसिंग अहलुवालिया त्याच वर्षीच्या मे महिन्यात एव्हरेस्टवर उभे राहिले होते; पुढे त्यांनी दिल्लीला मज्जारज्जूच्या दुखापतींसाठी रुग्णालय उभारलं. दुसरे आपले सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर, फौजेतले मुष्टियोद्धे. उपचार म्हणून ते पाण्यात उतरले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळवलं, भारताचं पहिलं वैयक्तिक पॅरालिंपिक सुवर्ण. खडकीला १९७४ पासून पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. तिथे कणा निकामी झालेले जवान खुर्चीवरून बास्केटबॉल खेळतात. खडकवासल्यापासून खडकी फार लांब नाही. पेटकर-अहलुवालियांना गोळी लागली तेव्हा ते सैनिक होते, एवढाच फरक त्यांच्यात आणि रिंगमध्ये पडलेल्या कॅडेटात आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये वृत्तपत्रातून हा विषय पुढे आला आणि सर्वोच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. १९८५ पासून वेगवेगळ्या लष्करी संस्थांतून सुमारे ५०० कॅडेट प्रशिक्षणातल्या अपंगत्वामुळे घरी पाठवले गेले. २०२१ ते जुलै २०२५ या काळात एकट्या एनडीएतून जवळपास २०. न्यायालयानं विम्याची रक्कम, सानुग्रह मदत आणि उपचारानंतर या मुलांना एखादं बैठं काम देता येईल का, याबद्दल सरकारकडे विचारणा केली. त्याच महिन्याच्या अखेरीला संरक्षण मंत्रालयानं या कॅडेटांना ‘ईसीएचएस’, म्हणजे माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना, खुली केली. उपचाराचा भार त्यामुळे बराच हलका होईल. योजनेच्या नावात माजी सैनिक आहे, पण त्या आदेशानं या मुलांना माजी सैनिकाचा दर्जा मिळालेला नाही.